अजून गावातच?

गणपतीच्या तोंडावर सावर्डे स्टेशनात गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की चिपळूण तालुक्यातलं हे गाव गजबजतं. मुंबई-पुण्याचे चाकरमानी येतात, एखादा दुबईहूनही येतो. आरती आटोपल्यावर एकाच वर्गात शिकलेले दोस्त ओटीवर बसतात. कुणाला बढती मिळालेली, कुणी ठाण्यात दुसरा फ्लॅट घेतलेला. मग गावात राहिलेल्याला कुणीतरी सहज विचारतं, "आणि तू? अजून गावातच?"

विचारणारा विसरून जातो. ज्याला विचारलं, तो मात्र विसर्जन झालं तरी त्याचाच विचार करत राहतो. आपल्यातच काही धमक नाही की काय?

हा सल त्याच्या एकट्याचा नाही, त्यामागे रत्नागिरी जिल्ह्याची रीत आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. शिकलेली पोरं मग बाहेर पडतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. २०११च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११०० हून जास्त स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष बाहेरगावी. जिथे 'मुलगा मुंबईला असतो' हीच प्रगतीची खूण, तिथे घरी राहणारा आपोआप मागे पडलेला ठरतो.

अंबानींच्या श्रीमंतीने कुणाची झोप उडत नाही. बाकावर शेजारी बसलेल्याच्या पगाराने उडते. माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशीच ताडून बघतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४मध्ये मांडलं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार बघता येतील, अशी वेबसाइट दाखवून अभ्यास झाला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की कमी पगाराचे लोक आणखी नाराज झाले, पण जास्त पगाराचे काही जास्त खूश झाले नाहीत.

पुढे धावणाऱ्यांचंही सगळं आलबेल नसतं. नोकरी शोधणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. 'सर्वांत उत्तम तेच हवं' म्हणणाऱ्यांना सुमारे २० टक्के जास्त पगार मिळाला होता, तरी समाधान 'बरं आहे, चालेल' म्हणणाऱ्यांपेक्षा कमीच.

शिवाय गावात राहिलेला रिकामा बसलेला नसतो. चाकरमान्यांची बंद घरं चतुर्थीआधी उघडून झाडून घेणं, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, वेळेवर पाट पोचवणं, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणं ही कामं बहुतेकदा त्याच्याच गळ्यात. त्यांचा पगार नाही, म्हणून ती ओटीवरच्या गप्पांत येत नाहीत.

मात्र एक फरक ओळखायला हवा. बाग, घर, तालमीतलं भजन यांत मन रमत असेल, तर ते समाधान. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर मुद्दा महत्त्वाकांक्षेचा नाही. ते नैराश्य असू शकतं. अशा वेळी सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, तेही मराठीतून.