खडशीची अंडी आणि धरणांचा जिल्हा

श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव इतिहासात बहादूरगडासाठी ओळखलं जातं. संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणलं ते इथेच. गडाला लागून वाहणाऱ्या भीमेचं मत्स्यशास्त्रातही नाव आहे, हे मात्र नगरकरांनाही फारसं ठाऊक नसतं.

कर्नल विल्यम सायक्स हा कंपनी सरकारचा सांख्यिकी अधिकारी. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी १८२४पासून त्याच्या पाहणीत होत्या. महसुलाचे आकडे जमवता जमवता त्याने मासेही जमवले. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने १८३९मध्ये छापलेल्या त्याच्या वर्णनांत ऑस्टिओब्रामा विगॉर्साय या माशाचं ठिकाण ‘भीमा नदी, पैरगाव’ असं दिलं आहे. नदी आणि उच्चार पाहता हे पेडगावच असणार. शिंगाळा, मुल्या, खुद्री अशी कितीतरी नावं त्याने कोळ्यांकडून ऐकून जशीच्या तशी शास्त्राच्या दप्तरात घातली. साहेबाला याचं श्रेय द्यायलाच हवं.

खुद्री म्हणजे आपला खडशी, दख्खनचा महासीर. नाव मिळालं, चित्र निघालं. पण हा मासा अंडी कुठे घालतो, पिल्लं कशी जगतात, याचं नीट उत्तर मिळायला त्यानंतर १३० वर्षं जावी लागली. ते दिलं डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी.

कुलकर्णी महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक होते. त्यांच्यातला निरीक्षक त्याआधीच, १९४०मध्ये, दिसला होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या मचूळ आणि गोड्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा, जवळजवळ पारदर्शक मासा राहतो. कुलकर्ण्यांनी त्याचं वर्णन करून नाव ठेवलं होराइक्थिस सेतनाय, मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा आणि डॉ. सेतना यांच्या सन्मानार्थ. नराच्या गुदपराचे पुढचे काटे बदलून त्यांचं मिलनाचं एक साधन झालेलं. त्या साधनाने नर शुक्राणूंची पुडी मादीच्या अंगाला टोचून अडकवतो. मादीला पोटाचा उजवा पर नाहीच. फलन पोटात आणि अंडी बाहेर, असा हा अजब कारभार. नवी जात जाहीर करून थांबता आलं असतं, पण कुलकर्ण्यांनी त्या इवल्या जिवाचं वागणं आणि वाढही लिहून ठेवली.

हीच नजर पुढे खडशीकडे वळली. लोणावळ्याच्या टाटांच्या तलावांवर पावसाळ्यात विणीला आलेले मासे धरून, पोट हलकेच दाबून अंडी घेतली, नराचं पाणी मिसळलं आणि पुढचा प्रत्येक टप्पा पाहिला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९७१मध्ये तो अभ्यास आला. खडशीचं अंडं मोठं आणि जड. ते तळाशी बसतं. रोहूचं अंडं दिवसाच्या आत फुटतं, याला तीनेक दिवस लागतात. बाहेर आलेलं पिल्लूही लगेच पोहत नाही. उजेड टाळून खड्यांच्या फटीत डोकं खुपसतं आणि पिवळा बलक संपेपर्यंत तिथेच राहतं.

म्हणजे वाळू उपसली, तळाचे गोटे गेले किंवा त्यांवर गाळ बसला, की पिढी संपली. नगर जिल्ह्याने हे दोनदा वाचावं. प्रवरेवर भंडारदरा (१९२६), मुळेवर राहुरीजवळचं ज्ञानेश्वर सागर, खाली गोदावरीवर जायकवाडीचा फुगवटा. विणीसाठी वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत भिंतीच भिंती. उसाला पाणी मिळालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या हिशेबात मासा कुणी धरलाच नाही.

‘मग बीज सोडा’ हे सोपं उत्तर कावेरीत फसलं आहे. लोणावळ्यात वाढवलेली खडशीची पिल्लं तिथे सोडली गेली. गळकऱ्यांच्या १९९८ ते २०१२च्या नोंदी तपासल्यावर पिंडर, राघवन आणि ब्रिटन या संशोधकांना आढळलं, की कावेरीचा स्वतःचा कुबड्या महासीर घटत गेला आणि बाहेरून आलेला खडशी वाढत गेला. तो कुबड्या महासीर आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. यात कुलकर्ण्यांच्या विज्ञानाचा दोष नाही; त्यांनी पैदाशीची कृती दिली होती, कुठल्याही नदीत ओतण्याचा परवाना नव्हे.

अकोले तालुक्यातल्या मुळा-प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात पहिल्या पुरानंतर कोणता मासा कुठल्या खडकाळ उथळीत वितो, हे मासेमारी संस्थांतल्या जुन्या जाणत्यांना विचारून महाविद्यालयांनी लिहून काढावं. बीज सोडण्याचा विचार त्यानंतर करावा.