गोंडाइटमधली जाळी

तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी गाडी गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्ग ही स्टेशनं घेत जाते. भंडारा जिल्ह्याचा हा कोपरा मँगनीजचा. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या ‘मॉईल’ या खाण कंपनीच्या खाणी सगळ्यांना ठाऊक आहेत. डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. माझा जीव मात्र धातुकाच्या शेजारी सापडणाऱ्या गोंडाइटमध्ये अडकला आहे. लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने भारतातल्या मँगनीजवर 1909 साली जाडजूड ग्रंथ लिहिला. गोंड लोकांवरून या खडकाला नाव दिलं तेही त्यानेच.

गोंडाइटमध्ये मुख्यतः दोनच खनिजं असतात: गारगोटीतलं क्वार्ट्झ आणि स्पेसर्टाइन नावाचं मँगनीजचं गार्नेट. चिखल्याकडे मिळालेला तुकडा मी उन्हात भिंगाखाली फिरवत बसलो होतो. नारिंगी-तपकिरी दाणे एकमेकांना चिकटून बसलेले, मध्येच एखाद्याचा पैलू लखकन चमकायचा. बरोबरचे लोक तोवर चहा पिऊन परतही आले.

स्फटिकांच्या आतली रचना क्ष-किरणांनी कळते, हे 1912पासून लाउए आणि ब्रॅग पितापुत्रांनी दाखवलं. गार्नेटचा उलगडा पुढच्या दशकात मेंत्सर या शास्त्रज्ञाने केला. इतिहास एवढा पुरे.

खरी गंमत उलगड्यानंतरची. गार्नेटच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका घनाकार एककात 160 अणू असतात. पुस्तकातलं चित्र पाहिलं की गोळ्यांच्या गर्दीत काहीच दिसत नाही. ए. एफ. वेल्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1950च्या दशकापासून वेगळाच हट्ट धरला: अणू केवढा ते सोडा, कोण कोणाला जोडलंय तेवढं बघा. गाठी आणि रेघा, बस्स. त्याचं त्रिमिती जाळ्यांवरचं 1977चं पुस्तक मी कादंबरीपेक्षा जास्त वेळा उघडलं असेल.

स्पेसर्टाइनवर हे करून पाहू. तीन मँगनीज, दोन ॲल्युमिनियम, तीन सिलिकॉन, बारा ऑक्सिजन. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, ॲल्युमिनियमभोवती सहा. प्रत्येक ऑक्सिजन एका सिलिकॉनला आणि एका ॲल्युमिनियमला धरून असतो, म्हणजे तो निव्वळ सांधा. त्याला पुसून तिथे रेघ ओढा. मँगनीज मधल्या जागांत बसलेलं असतं, त्याला तूर्त बाजूला ठेवा. दोन ॲल्युमिनियमच्या रेघा बारा, तीन सिलिकॉनच्या बारा आणि ऑक्सिजनही बाराच! हिशोब चोख. शिवाय चार रेघांच्या सगळ्या गाठी सारख्या, सहा रेघांच्याही सारख्या आणि रेघ तर एकाच जातीची. 160 अणूंचं प्रकरण दोन गाठी आणि एका रेघेत मिटलं.

नवरत्नांतला गोमेद याच कुळातला. त्यात मँगनीजच्या जागी कॅल्शियम, पण जाळी तीच. मायक्रोवेव्ह उपकरणांत वापरतात त्या यिट्रियम-लोहाच्या गार्नेटमध्ये ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन दोघांच्याही जागी लोह बसतं, तरी जाळी हलत नाही.

मँगनीजला वगळणं ही लबाडी नाही का? थोडीशी आहेच, त्याचेही ऑक्सिजनशी बंध असतात. पण काय पुसलं ते सांगून पुसलं तर माझी हरकत नाही. सगळीकडे ऑक्सिजन असा पुसताही येत नाही. पायरोल्युसाइट या मँगनीज डायऑक्साइडमध्ये एकेक ऑक्सिजन तीन-तीन मँगनीजना धरतो. तिथे त्यालाच गाठ मानावं लागतं आणि तीन-सहाची वेगळी जाळी मिळते. टायटॅनियमच्या रुटाइलची जाळीही हीच.

हात लावून पाहायचं असेल तर खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची युक्ती घ्या: आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. ट्यूबला सुईने भोक पाडून तिसरी काडी खुपसली की तीनचा सांधा तयार. चारच्या सांध्यांनी हिऱ्याची जाळी जमते. सहाचा सांधा मात्र जास्त खटपटीचा. गार्नेटसाठी मातीचे गोळेच बरे.

मेलबर्नमध्ये रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड रॉबसन 1974 साली वर्गासाठी लाकडी गोळ्यांचे असेच नमुने तयार करत होते. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची, यातच सगळी रचना दडलेली आहे, हे त्यांना तिथे सुचलं. 1989मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचे रेणू जोडून हिऱ्याची ऐसपैस जाळी प्रत्यक्ष बनवली. 2025चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कितागावा आणि याघी यांच्याबरोबर मिळालं, ते अशाच पोकळ जाळ्यांसाठी. त्या पोकळीत वायू साठवता येतात. गार्नेटच्या जाळीत तशी सोय नाही, तिथल्या जागा मँगनीजने आधीच बळकावल्या आहेत. म्हणून तर क्वार्ट्झची घनता 2.65 आणि स्पेसर्टाइनची 4.2च्या आसपास.