एक्सप्लेनर : धुळे तुरुंगात १९३२ मध्ये दर रविवारी काय घडायचं?

सविनय कायदेभंगात पकडलेले सत्याग्रही तेव्हा या तुरुंगात होते. ३६ वर्षांचे विनोबा भावे त्यांना दर रविवारी गीतेचा एक अध्याय उलगडून सांगायचे.

किती प्रवचनं झाली?
२१ फेब्रुवारी ते १९ जून : १८ रविवार, १८ अध्याय.

ऐकायला कोण?
जमनालाल बजाज, गुलझारीलाल नंदा यांच्यासारखे नेते आणि साधे कार्यकर्तेही. त्यामुळे भाषा सोपी, दाखले रोजच्या जगण्यातले.

ती आपल्यापर्यंत कशी पोचली?
तुरुंगात रेकॉर्डिंग कुठलं? अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेले साने गुरुजी ऐकता ऐकता भराभर लिहून घ्यायचे. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं आणि पुढे अनेक भाषांत गेलं. गुरुजी तिथे नसते, तर हे शब्द तुरुंगाच्या भिंतींआडच विरले असते.