गाडी क्रॉसिंगला थांबली आहे

कोकण रेल्वेने जाणाऱ्या-येणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. गाडी चांगल्या वेगात असते आणि मध्येच एखाद्या लहानशा स्टेशनात उभी राहते. चढणारे कोणी नाही, उतरणारे कोणी नाही. पाच मिनिटे जातात, दहा जातात. डब्यातला जाणता प्रवासी खिडकीबाहेर न बघताच सांगतो, "क्रॉसिंग आहे." थोड्या वेळाने समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते, सिग्नल हिरवा होतो आणि थांबलेली गाडी हलते.

रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा हा ७४१ किलोमीटरचा मार्ग. त्यातला रोहा ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, पण बाकीचा बहुतेक मार्ग एकेरीच आहे. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घेऊन थांबवावेच लागते. कोणत्या स्टेशनात आणि किती वेळ, याचा निर्णय कंट्रोल ऑफिसात बसलेला सेक्शन कंट्रोलर घेतो. त्याच्यासमोर गाड्यांचा आलेख असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशने, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. रेल्वेत वर्षानुवर्षे ही रेघ पट्टी-पेन्सिलने कागदावर ओढली जाई. आता ती संगणकाच्या पडद्यावर उमटते. युरोपात एकोणिसाव्या शतकातच अशी वेळापत्रके काढली जात होती. फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी आपल्या ग्रंथात छापलेला पॅरिस-लियाँ गाड्यांचा आलेख आजही आलेखशास्त्राच्या पुस्तकांत दाखवला जातो.

या आलेखात रेघ जितकी उभट, तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी झाली, म्हणजे गाडी उभी आहे. आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे त्या दोन गाड्या एकाच वेळी एकाच जागी असतात. दहावीच्या बीजगणितातले पहिलेच प्रकरण, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', याच छेदनबिंदूविषयी आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एक गाडी सकाळी १० वाजता ताशी ६० किलोमीटर वेगाने निघाली. तिच्यापासून १०० किलोमीटरवरच्या स्टेशनातून दुसरी गाडी साडेदहाला ताशी ८० वेगाने तिच्या दिशेने सुटली. दहानंतरच्या तासांना क्ष म्हणू आणि पहिल्या स्टेशनपासूनच्या अंतराला य. पहिल्या गाडीचे समीकरण सोपे आहे: य = ६०क्ष. दुसरी गाडी अर्धा तास उशिरा निघते आणि तिचे अंतर कमी कमी होत जाते, म्हणून य = १०० – ८०(क्ष – ०.५), म्हणजेच य = १४० – ८०क्ष. दोन्ही य सारखे कधी होतील? ६०क्ष = १४० – ८०क्ष, म्हणून १४०क्ष = १४०, म्हणून क्ष = १. बरोबर ११ वाजता, ६०व्या किलोमीटरवर.

पण ६०व्या किलोमीटरवर स्टेशनच नसेल तर? समजा, जवळची दोन स्टेशने ५२ आणि ६८ किलोमीटरवर आहेत. पहिली गाडी ५२ वर १० वाजून ५२ मिनिटांनी पोचेल. दुसरी तिथे ११ वाजून ६ मिनिटांनी येईल. म्हणजे १४ मिनिटांचा मुक्काम. उलट दुसऱ्या गाडीला ६८ वर थांबवली, तर ती १० वाजून ५४ मिनिटांनी तिथे पोचते आणि पहिली ११ वाजून ८ मिनिटांनी येते. पुन्हा १४ मिनिटेच! दोन्ही स्टेशने भेटीच्या जागेपासून ८-८ किलोमीटरवर आहेत, म्हणून थांबणे दोन्हीकडे सारखेच पडते. मग कोणी थांबायचे, हे गणिताने ठरत नाही. गाडीच्या अग्रक्रमाने ठरते. पॅसेंजर गाडीतल्या प्रवाशांना हे उत्तर न सांगताही ठाऊक असते.

आधीच्या पिढीतल्या मराठी मुलांनी हीच समीकरणे पाठ्यपुस्तकात क्ष आणि य या अक्षरांनी सोडवली. आजच्या पुस्तकांत त्यांची जागा रोमन अक्षरांनी घेतली आहे. अक्षर बदलले, अडचण बदललेली नाही. आठवीत 'एकचल समीकरणे' शिकताना मुलांच्या कानावर पहिला नियम पडतो तो असा: संख्या बरोबरच्या पलीकडे नेली की चिन्ह बदलते. नियम चुकीचा नाही, पण नुसताच पाठ केला तर तो फसवतो. ३क्ष = १२ या समीकरणात तीन पलीकडे नेऊन क्ष = १२ – ३ = ९ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात. तीन पलीकडे गेला, चिन्हही बदलले, मग चुकले काय?

उत्तर तराजूत आहे. बरोबरचे चिन्ह म्हणजे तागडीचा काटा. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पुड्या आहेत आणि दुसऱ्यात १२ किलोची वजने. एका पुडीचे वजन हवे असेल तर दोन्ही पारड्यांचा तिसरा हिस्सा घ्यायला हवा. तीन किलो काढून काहीच साधत नाही, कारण डावीकडचा तीन हा वजनाचा आकडा नाही, पुड्यांची संख्या आहे. संख्या उडी मारून पलीकडे जात नसते. दोन्ही बाजूंना एकच क्रिया होते आणि काटा मध्येच राहतो. हे एकदा उमगले की 'चिन्ह बदलते' हा नियम पाठ करावा लागत नाही.

आलेख काढतानाही अशीच एक साधी सवय फार उपयोगी पडते. रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात, पण तिसरा बिंदू घ्यावा. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर कुठेतरी आकडेमोड चुकली आहे, हे पट्टीच सांगते. समीकरण सोडवण्याच्या इतर कोणत्याही रीतीत चूक इतकी उघडी पडत नाही. म्हणूनच आलेखाला केवळ गुणांपुरते महत्त्व देऊन लोप पद्धतीकडे किंवा क्रेमरच्या निश्चयकांकडे धावणे हा मुलांवर अन्याय आहे. त्या रीती झटपट आहेत, पण उत्तर दिसते ते आलेखात. दोन रेषा समांतर निघाल्या तर उकल नाही, एकीवर दुसरी बसली तर उकली अगणित; पानभर आकडेमोडीनंतर ० = ५ असे विचित्र काहीतरी हाती येण्यापेक्षा हे डोळ्यांनी पाहणे केव्हाही बरे.

समीकरणे मात्र आलेखापेक्षा कितीतरी जुनी आहेत. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिले, त्यात अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणजे 'जितके असेल तितके' असे नाव आहे. अज्ञाते एकाहून अधिक असली की रंगांची नावे येतात: कालक, नीलक, पीतक. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेवाने मठ उभारल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

त्या ग्रंथातले एक उदाहरण घोड्यांचे आहे. एका माणसाजवळ सहा घोडे आणि ३०० रुपये आहेत. दुसऱ्याजवळ तसेच दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? ६क्ष + ३०० = १०क्ष – १००, म्हणून ४क्ष = ४००, घोडा १०० रुपयांचा आणि प्रत्येकाची संपत्ती ९०० रुपयांची.

भास्कराचार्यांच्या काळी आलेख नव्हते. फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ आला तो १६३७ साली. पण हे उदाहरण आलेखावर घेतले की त्यात दडलेली आणखी एक गोष्ट वर येते. आडव्या अक्षावर घोड्याची किंमत आणि उभ्यावर संपत्ती मांडा. पहिल्याची रेषा ३०० वरून सुरू होते आणि सावकाश चढते, कारण तिचा चढ सहा आहे. दुसऱ्याची शून्याच्याही खाली, उणे १०० वरून निघते, पण तिचा चढ दहा आहे. शंभरावर ती पहिलीला गाठते आणि पुढे तिच्या वर निघून जाते. घोडा शंभराच्या आत असेल तर पहिला माणूस श्रीमंत, शंभराच्या पुढे गेला की दुसरा. उत्तर आता एका संख्येचे उरले नाही, संख्यांच्या एका पट्ट्याचे झाले. ही झाली असमानता.

असमानतेचा एक नियम भल्याभल्यांना चकवतो: दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले की चिन्हाचे तोंड फिरते. पाच तीनपेक्षा मोठे, पण उणे पाच उणे तीनपेक्षा लहान. घोडेवाल्याचे ऋण आठवले तर यात गूढ काही नाही. ५०० रुपये जवळ असलेला ३०० रुपयेवाल्यापेक्षा बऱ्या स्थितीत. पण ५०० रुपयांचे कर्ज असलेला ३०० कर्ज असलेल्यापेक्षा वाईट. संख्यारेषेवर शून्याशी आरसा धरावा तसे सगळे उलटे होते.

चल दोन असले की असमानतेचे उत्तर म्हणजे कागदाचा एक अख्खा भाग. रेषा कुंपणासारखी मधून जाते आणि तिची एक बाजू रंगवायची असते. कोणती, हे कळायला आरंभबिंदूचे निर्देशक, म्हणजे दोन्ही शून्य, असमानतेत घालून पाहावे. विधान खरे ठरले तर आरंभबिंदूची बाजू, खोटे ठरले तर पलीकडची. रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर दुसरा कुठलाही बिंदू घ्यावा. रेषेवरचे बिंदूही चालत असतील तर ती सलग काढतात, नसतील तर तुटक.

याचा उपयोग कुठे? एखाद्या बचत गटाचे दिवाळी फराळाचे काम घेऊ. समजा, एक किलो करंज्यांना दोन तास लागतात, एक किलो चकल्यांना एक तास, आणि गटाजवळ एकूण ४० तास आहेत. किलोकिलोचे डबे २५ आहेत. करंजीत किलोमागे १२० रुपये सुटतात, चकलीत ८०. पहिली असमानता वेळेची: करंज्यांच्या किलोंची दुप्पट अधिक चकल्यांचे किलो ४० पेक्षा जास्त नकोत. दुसरी डब्यांची: दोन्ही मिळून २५ पेक्षा जास्त नकोत. दोन्ही रेषा काढून दोन्हींच्या आतला भाग रंगवला की चार कोपऱ्यांची एक आकृती मिळते. तिच्यातला प्रत्येक बिंदू म्हणजे गटाला जमणारा एक बेत. सर्वांत जास्त नफा कोपऱ्यावरच सापडतो, म्हणून आत शोधत बसावे लागत नाही. नुसत्या २० किलो करंज्या केल्या तर २,४०० रुपये, नुसत्या २५ किलो चकल्या केल्या तर २,०००. दोन रेषा छेदतात त्या कोपऱ्यावर १५ किलो करंज्या आणि १० किलो चकल्या येतात, आणि नफा २,६०० रुपये होतो.

चल दोनच असतील तर कागद पुरतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ साली पौष्टिक पण सर्वांत स्वस्त आहार शोधायला घेतला, तेव्हा खाद्यपदार्थ ७७ होते आणि पोषक घटक नऊ. त्यांनी अंदाजाने काढलेले उत्तर वर्षाला ३९.९३ डॉलर होते. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ साली एका कोपऱ्यावरून पुढच्या, अधिक चांगल्या कोपऱ्यावर जाण्याची 'सिम्प्लेक्स' रीत दिली. तिने हाच प्रश्न सोडवला तेव्हा उत्तर आले ३९.६९ डॉलर. त्यासाठी नऊ कारकून हिशेबाची यंत्रे घेऊन बसले आणि एकूण १२० मनुष्यदिवस खर्ची पडले.

पण प्रश्न मोठा होत गेला की कोपरे अफाट वाढतात. १९८४ साली नरेंद्र करमरकर यांनी वेगळी वाट काढली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये होते. कोपऱ्या-कोपऱ्याने कडेकडेने फिरण्याऐवजी त्यांची रीत रंगवलेल्या भागाच्या आतून उत्तराकडे सरकते. प्रश्न वाढला तरी तिला लागणाऱ्या पायऱ्या आवाक्याबाहेर जात नाहीत, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. त्यानंतर या विषयातले संशोधन झपाट्याने आतून जाणाऱ्या रीतींकडे वळले.

बचत गटाला मात्र एवढी यंत्रणा नको. आलेखाचा एक कागद आणि एक पट्टी पुरे. समजा, ऐन वेळी तूप कमी पडले आणि १२ किलोपेक्षा जास्त करंज्या होणार नाहीत असे कळले. कागदावर करंजीच्या अक्षावर १२ पाशी एक उभी रेषा ओढायची. ती रंगवलेल्या भागाचा उजवीकडचा तुकडा कापते, जुना कोपरा बाहेर पडतो आणि नवा तयार होतो: १२ किलो करंज्या, १३ किलो चकल्या, नफा २,४८० रुपये. डबे सगळे भरतात, आणि ४० तासांपैकी तीन तास मोकळे राहतात.