काचेनं रंगवलेली फुलं

फुलाचा फोटो चित्रासारखा दिसावा, दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभावा, असं वाटलं की बहुतेक जण आधी साधा फोटो काढतात आणि मग एखाद्या ॲपमध्ये ‘ऑइल पेंटिंग’चं बटण दाबतात. क्षणात ब्रशचे फटकारे उमटतात. पण ते पाकळीवर जसे पडतात तसेच देठावर आणि तसेच मागच्या कुंपणावरही पडतात. चित्रकार असं कधी करत नाही. तो पाकळीची एक कड ठसठशीत ठेवतो, दुसरी मागच्या रंगात विरघळू देतो. कुठली कड राखायची आणि कुठली सोडून द्यायची, यातच त्याचा हात कळतो. फोटोमध्ये हे काम लेन्स करू शकते, प्रकाश करू शकतो. सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतर. फुलांमागे वर्षानुवर्षं हिंडून माझं हे मत पक्कं झालं आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या आल्सास भागात आडॉल्फ ब्राउन या कापडावरच्या नक्षीच्या कलाकाराने फुलांचे सुमारे ३०० फोटो काढले. नक्षी काढणाऱ्यांना नमुने मिळावेत हा त्याचा हेतू होता. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत फोटोची काच बाजारात आली. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले बारीक कण तिच्यावर पसरलेले असत, त्यामुळे फुलांचे रंग तिच्यात ठिपक्याठिपक्यांनी उतरत. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेत इमोजन कनिंगहॅमने मॅग्नोलियाचं फूल टिपलं. बर्लिनचे कलाशिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी कोंब, कळ्या, देठ ३० पटींपर्यंत मोठे करून दाखवले. त्यांचं पुस्तक १९२८ चं. या दोघांच्या फोटोंत तंतू न् तंतू स्पष्ट दिसतो. दोघांबद्दल मला अपार आदर आहे, पण माझी वाट दुसरी आहे.

ती वाट हाइन्रिख क्यून यांच्याकडून येते. हे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे. फोटो चित्राच्या तोडीचा व्हावा, असा ध्यास घेतलेल्या पिढीतले हे एक मोठं नाव. १९३० च्या सुमारास जर्मनीच्या रोडेनस्टॉक कंपनीने ‘इमागोन’ नावाची लेन्स काढली, तिच्यामागे क्यून यांचा विचार होता. या लेन्सपुढे बारीक भोकं पाडलेली एक चकती बसवायची. चकती फिरवली की भोकं कमी-जास्त उघडतात आणि फोटोतला मऊपणा हवा तेवढा ठेवता येतो. मऊपणाला असा नळ बसवता येतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

हा मऊपणा येतो कुठून? लेन्सच्या मध्यातून जाणारे किरण एका जागी मिळतात, कडेने जाणारे किरण जरा अलीकडे किंवा पलीकडे. भौतिकशास्त्रात याला गोलीय विपथन म्हणतात. लेन्स बनवणारे हा दोष घालवण्यासाठी जिवाचं रान करतात, आणि फुलांच्या फोटोग्राफरला नेमका तोच हवा असतो. मधले किरण पाकळीची रेषा स्पष्ट उमटवतात, कडेचे किरण त्याच रेषेवर प्रकाशाचा पातळ पदर घालतात. म्हणजे खाली रेखाटन शाबूत आणि वर रंगाचा ओला हात. फोकस चुकलेल्या फोटोत खालचं रेखाटनच नसतं, म्हणून तो नुसता धूसर दिसतो. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की हा पदर दाट असतो. एक-दोन स्टॉप खाली आणलं की विरतो, आणखी खाली आणलं की नाहीसा होतो, कारण कडेचे किरण आत येणंच थांबतं. आजही अशा लेन्स मुद्दाम बनवतात. लेन्सबेबीची व्हेल्वेट ५६ एफ/१.६ ला फुलाभोवती तेज पसरवते आणि एफ/५.६ पर्यंत शहाण्यासारखी स्वच्छ होते. फुलासाठी मी बहुधा एफ/२.८ च्या आसपास थांबते. ॲपर्चर त्याहून जास्त उघडलं की मोगऱ्याच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून जातात.

जुन्या लेन्सची गोष्ट तर याहून सुरस आहे. पूर्व जर्मनीतल्या ग्योर्लित्झ गावी मायर कंपनीत ट्रायोप्लान बनत असे, १०० मिलिमीटरची, एफ/२.८ ची. तिच्यात काचेची भिंगं तीनच. त्या साधेपणामुळे पार्श्वभूमीतल्या प्रत्येक चमकत्या थेंबाचं गोल वर्तुळ होतं आणि वर्तुळाची कड मधल्या भागापेक्षा उजळ येते, हुबेहूब साबणाचे फुगे. पाऊस थांबल्यावर ओल्या गवतासमोरचं एखादं फूल या लेन्सने टिपून बघा. दुसरी हेलिओस ४४-२, सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्याबरोबर येणारी, ५८ मिलिमीटर, एफ/२. तिची रचना जर्मन बायोटार लेन्सवरून घेतलेली. हिच्या फोटोत मधलं फूल स्थिर राहतं आणि मागची पानं त्याच्याभोवती गरगरत असल्यासारखी दिसतात. फ्रेमच्या कोपऱ्यांकडे जाणारा प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा अडतो, म्हणून तिथली वर्तुळं गोल न राहता डोळ्याच्या आकाराची होतात आणि केंद्राभोवती फेर धरतात. मात्र मागे सपाट भिंत असेल तर यातलं काही दिसत नाही. हेलिओसला मागे झाडोरा लागतो, आणि त्या झाडोऱ्यातून झिरपणारं ऊन. माझी हेलिओस मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, बंद पडलेल्या झेनिटला लागलेली. एम ४२ आट्याचं एक स्वस्त ॲडॅप्टर घेतलं की ती आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते. फोकस हातानेच करावा लागतो. तो आनंद ऑटोफोकसमध्ये नाही.

आता फुलं. आपल्या मंडईत ही एक अडचणच आहे. झेंडू, शेवंती, मोगरा ही फुलं किलोवर विकली जातात, सुटी, देठाशिवाय. हार-तोरणांना तेच हवं असतं. चित्राला मात्र देठ हवा, त्याचा बाक हवा, एखादं वाकलेलं पान हवं. पहाटे दादरच्या फुलबाजारात गेलं की शेवंतीचे ढीग बघून डोळे निवतात, पण फोटोसाठी घरी येते ती गुलछडीची किंवा ॲस्टरची जुडी. मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब एकसारखे उंच आणि सरळ. फुलदाणीत डौलदार, फोटोत कंटाळवाणे. त्यापेक्षा कुंडीत स्वतः लावलेलं झाड बरं. सोनटक्का लावाच. पावसाळ्यात संध्याकाळी उमलतो, पाकळी इतकी पातळ की मागून उजेड आला की तीच दिवा होते. तेरडा, कॉसमॉस, पॉपी या फुलांतूनही उजेड असाच आरपार येतो. झेंडू आणि डेलियाचा गच्च गोळा प्रकाश अडवतो, त्यांना बाजूचा उजेड द्यावा.

जास्वंदीबद्दल वेगळं सांगायला हवं. बहुतेक डिजिटल सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्यासाठी असतात, लाल आणि निळ्यासाठी एकेक चतुर्थांश. भर लाल पाकळीवर लाल रंगाची नोंद शिगेला पोचून कापली जाते, तरी नेहमीचा करडा हिस्टोग्राम सगळं आलबेल दाखवतो. मग पाकळीच्या शिरा, चुण्या सगळं जाऊन लाल कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम उघडावा आणि एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप तरी खाली घ्यावं.

उजेडासाठी श्रावणातल्या ढगाळ सकाळीइतकं चांगलं काही नाही. एरवी उत्तरेची खिडकी आणि तिच्यावर मलमलीचं पांढरं कापड. मागे गडद, नक्षी नसलेली शाल, फुलापासून चार-पाच फूट लांब. इथे मला राखेल रौयस आठवते. १६६४ ते १७५० हा तिचा काळ. हॉलंडच्या या चित्रकर्तीचे वडील वनस्पतिशास्त्र आणि शरीररचनेचे अभ्यासक होते. गडद पार्श्वभूमीवर तिने रंगवलेले गुच्छ पाहताना एक गोष्ट लक्षात येते: त्या काळच्या अशा चित्रांत वसंतातली फुलं आणि उन्हाळ्यातली फुलं एकाच फुलदाणीत नांदतात. असा गुच्छ प्रत्यक्षात कधी कुणाच्या टेबलावर नव्हता. फूल-फूल वेगळं अभ्यासून चित्रकार तो जुळवत. कॅमेऱ्यातलं मल्टिपल एक्स्पोजर आपल्याला हीच मुभा देतं. एका फ्रेममध्ये फूल नीट टिपायचं, दुसरीत तेच फूल फोकसबाहेर, तिसरीत नुसती पानांची सळसळ. पेप व्हेंटोसा हे फोटोग्राफर एखाद्या झाडाभोवती गोल फिरत फोटो घेतात आणि ते सगळे एकावर एक रचतात. हाच प्रयोग तुळशीवृंदावनाभोवती प्रदक्षिणा घालत केला तर मंजिऱ्यांची जी जांभळी वाफ तयार होते, ती बघत राहावी अशी.

वाऱ्याचाही असाच उपयोग होतो, आणि तो कासच्या पठारावर भरपूर असतो. तिथे तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यासमोर अर्ध्या सेकंदाचं शटर ठेवलं की वारा स्वतः ब्रश ओढतो. पण एक कळकळीची विनंती. पठारावर जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे, सीतेची आसवं आणि गेंद त्यातच तग धरून असतात. २०१२ मध्ये कासला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तरी फोटोसाठी फुलांत लोळणारी माणसं दरवर्षी दिसतात. पायवाट सोडू नका. लांब लेन्स वापरा.

एवढं करून फोटो फोनमध्येच राहिला तर अर्धं काम झालं असं मी मानते. कागदाशिवाय चित्र नाही. चकचकीत कागद या प्रकाराचा शत्रू आहे. त्यावर आपलंच तोंड दिसतं. सुती, मॅट, ३०० ग्रॅमच्या आसपासचा कागद आणि पिगमेंट शाई मागून घ्या. १५८४ पासून कागद बनवणाऱ्या जर्मन हानेम्युलेचा फोटो रॅग मला सर्वांत आवडतो. त्याच्या पोतावर मऊ पाकळी खरोखर रंगवल्यासारखी बसते. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त परतवतो, म्हणून छपाईआधी फोटो थोडा उजळ करावा आणि आधी लहान तुकडा छापून बघावा. आकाराचा धसका घेऊ नका. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची ३६ बाय २४ इंची छपाई इंचाला सुमारे १६७ बिंदूंनी होते, आणि मऊ चित्राला तेवढे पुरतात. कॅनव्हास घेतला तर चौकटीवर दुमडण्यासाठी चारी बाजूंनी दोन इंच जास्तीचे ठेवा, नाहीतर कडेची कळी मागे जाते.

आपल्याकडे पावसाळा भिंतीतून आत येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावूच नये. दुसऱ्या भिंतीवरही फ्रेममागे कोपऱ्यांना रबराची बटणं लावून हवा खेळती ठेवावी. काच छपाईला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लविरहित माउंट हवा. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे ५७ इंचांवर यावा. आपल्याकडे फ्रेम उगाच दाराच्या वर टांगतात, ती सवय सोडायला हवी.

१८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि त्याच्या तसबिरी घरोघरच्या भिंतींवर गेल्या. आज त्याच भिंतींवर परदेशी लॅव्हेंडरच्या शेतांचे तयार प्रिंट दिसतात. लॅव्हेंडर सुंदरच आहे, पण आपल्या अंगणातली जास्वंद, गुलबक्षी, सोनटक्का त्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत. या दिवाळीत एक तरी फूल स्वतः टिपा, ए३ आकारात चांगल्या कागदावर छापून घ्या आणि मिठाईच्या खोक्याऐवजी कुणाला तरी भेट द्या.