सोनखतातले शिसे

मैल्याच्या खताला ‘सोनखत’ हे नाव ज्या कोणी दिले, त्याला मातीची नस नेमकी सापडली होती. शेतातून गावात आलेले पुन्हा शेतात जावे, हा त्यामागचा साधा हिशेब. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी या हिशेबाला शास्त्राची बैठक दिली. त्यांचे पुस्तक 1931 साली निघाले. त्यांच्या ढिगात पऱ्हाट्या होत्या, तण, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख होती. घड्याळाचे सेल, फुटक्या ट्यूबलाइट आणि भिंतीवरून खरवडलेला ऑइलपेंट हा माल आपण नंतर घातला.

भाजीची साले कुजतात. धातू कुजत नाही. दहा किलो कचऱ्याचे पाच किलो खत झाले, तर त्यातले शिसे निम्मे होत नाही, किलोमागचे त्याचे प्रमाण दुप्पट होते.

हे मोठ्या प्रमाणावर कुठे घडले, तर कोलकात्याच्या पूर्वेला, धाप्यात. तिथे एकोणिसाव्या शतकापासून शहराच्या कचऱ्यावर भाजी पिकते आणि ती त्याच शहराच्या बाजारात जाते. शेजारच्या तळ्यांत सांडपाण्यावर मासे वाढतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगापुढे मांडली आणि 2002 मध्ये हा पाणथळ प्रदेश रामसर यादीत गेला. घोष यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. शहराची घाण कशी जिरवावी हे तिथल्या शेतकऱ्यांकडून शिकायला हवे, असे म्हणणारा अभियंता विरळाच. पण त्याच धाप्याच्या मातीत आणि भाजीत शिसे, कॅडमियम, क्रोमियम वाढल्याचे संशोधकांना वारंवार आढळले आहे. क्रोमियमला जवळच्या चामडे कमावण्याच्या कारखान्यांचा हातभार होता. ज्याने वाफे केले त्याचा यात काय दोष?

यातल्या कॅडमियमची मला अधिक धास्ती वाटते. शिसे बहुतेक मातीला आणि मुळांना चिकटून राहते. पानांवर येते ते धुळीने, आणि ती धूळ बरीचशी धुऊन जाते. कॅडमियम मात्र झाडाच्या आत शिरते आणि पानापर्यंत चढते. पालकासारख्या पालेभाज्या ते सहज घेतात. धुऊन, शिजवून ते जात नाही, आणि एकदा आपल्या मूत्रपिंडात साठले की दहा-दहा, वीस-वीस वर्षे मुक्काम ठोकते. आम्ल जमिनीत ते पिकाला अधिक मिळते. आपली चुनखडीयुक्त काळी माती त्याला बरेच धरून ठेवते, हे आपले नशीब. कोकणातल्या तांबड्या मातीचे तसे नाही.

नियम नाहीत असे नाही. 2000 सालच्या घनकचरा नियमांनी खतासाठी किलोमागे कॅडमियम 5, शिसे 100 आणि पारा 0.15 मिलिग्रॅम अशा मर्यादा घातल्या. त्यापलीकडचे खत अन्नपिकांना वापरू नये, असेही बजावले. पण ही मर्यादा खताची. एकाच वाफ्यात ते किती वर्षे पडते, हे ती मोजत नाही. मी कागदावर आकडेमोड केली. मर्यादेला टेकलेले खत हेक्टरी 10 टन घातले, तर वर्षाला 50 ग्रॅम कॅडमियम जाते. नांगरटीच्या थरातली माती साधारण 20 लाख किलो धरली, तर 40 वर्षांत किलोमागे 1 मिलिग्रॅमची भर पडते. स्वच्छ जमिनीत ते सहसा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच असते. म्हणजे नियम न मोडताही जमीन बिघडवता येते!

ओला कचरा घरातच वेगळा निघाला, तर त्याचे खत निर्धास्त घालावे. मी त्याच्या बाजूचाच आहे. प्रश्न जुन्या डेपोंचा आहे. 2021 पासून स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात देशभरचे कचऱ्याचे डोंगर खणून चाळले जात आहेत. चाळणीखाली पडते ती मऊ, काळी, दिसायला देखणी माती. सेल, रंग आणि ट्यूबलाइटच्या सहवासात ती वर्षानुवर्षे पडून होती. खड्डे बुजवायला ती ठीक. पण कोणी तिची ट्रॉली फुकट खत म्हणून बांधावर आणली, तर ओतण्यापूर्वी धातूंच्या तपासणीचा कागद मागावा. नत्र-स्फुरद-पालाशचा कागद पुढे करतील. तो हा नव्हे.