पॉवर हवीय? आधी पाइप बघा!

मोठा टर्बो घेतला, मॅप बदलला, एक्झॉस्ट बदलला... आणि पेट्रोलच पुरलं नाही! शिरूर ते दौंड, एका जळालेल्या पिस्टनची गोष्ट.

रविवारी सकाळी साडेसातला फोन करणाऱ्या माणसाशी मी सहसा बोलत नाही. पण हा माझा मामेभाऊ होता. "ताई, शिरूरला येतेस का? एकट्याला जायचं नाहीये." आवाज एकदम पडलेला. मग काय, गेले.

हा आमचा पठ्ठ्या खराडीत आयटीत आहे आणि उरलेला सगळा वेळ (आणि पगार) गाडीवर उधळतो. गाडी कुठली? अबार्थ पुंटो! २०१५ मध्ये फियाटनं ती भारतात आणली, तेव्हा दहा लाखांच्या आत १४५ अश्वशक्ती म्हणजे तरुण मंडळींसाठी लॉटरीच होती. आणि ती बनायची कुठे? इटलीत नाही हो, आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत. अष्टविनायकातला महागणपती जिथे, तिथलीच ही विंचवासारखी छोटी पण डंख मारणारी गाडी. फियाटनं इथे गाड्या विकणं पुढे बंद केलं. आता अबार्थ मिळते ती फक्त सेकंडहँड.

भावानं तशीच एक घेतली. पण १४५ नं पोट भरेना. टार्गेट ठरलं २२०! मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, नवा मॅप... दीडेक लाख गेले. मग एका धावपट्टीवरच्या ड्रॅग इव्हेंटमध्ये चौथ्या गिअरला इंजिनातून ‘टकटक’ आली, पाठोपाठ पांढरा धूर. उघडून बघितलं तर एका पिस्टनला चक्क भोक. गाडीची काहीच चूक नव्हती. हवा भरपूर आणि पेट्रोल कमी, म्हणजे ‘लीन’ मिश्रण. त्यात तापमान आणि नॉकिंग इतकं वाढतं, की अॅल्युमिनियम वितळतं.

"पण मी तर २५५ चा पंप टाकला होता!" वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तो मला चौथ्यांदा सांगत होता. हा पंप त्यानं ऑनलाइन, स्वस्तात उचललेला. आणि हो, दौंडच्या मामांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

खोक्यावरचा आकडा

शिरूरला आम्ही गेलो ते एका डिझेल पंप-नोझलच्या दुकानात. ट्रॅक्टर आणि ट्रकचे पंप दुरुस्त करणारे काका, मामांच्या ट्रॅक्टरमुळे ओळखीचे. भावानं खोकं पुढे केलं. त्यावर ठळक अक्षरात २५५ लिटर प्रतितास. काकांनी ते बघितलंसुद्धा नाही. "खोक्याला काय विचारायचं? मोजू की."

पंप बाकावर आला. नळी, प्रेशर गेज, एक व्हॉल्व्ह, मोजायचं भांडं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. पेट्रोलऐवजी टेस्टिंगचं तेल. (हा प्रयोग घरी पेट्रोल घेऊन अजिबात करू नका. एक ठिणगी पुरते!)

पहिला मिनिट, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. भांड्यात ४ लिटर, म्हणजे तासाला २४०. भावाचा चेहरा खुलला. मग काकांनी व्हॉल्व्ह आवळून काटा ३ बारवर आणला. अडीच लिटर. मग ४.४ बार. १ लिटर ८०० मिली.

४.४ च का? फंडा सोपा आहे. इंजेक्टरवर मुळात ३ बारचं प्रेशर लागतं. टर्बो १.४ बारनं हवा कोंबतो, तेव्हा ती हवा इंजेक्टरच्या तोंडाशी उलटी ढकलत असते. म्हणून रेग्युलेटर पेट्रोलचं प्रेशरही तेवढंच वाढवतो. म्हणजे इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं, नेमकं तेव्हाच पंपाचं काम सगळ्यात अवघड होतं.

"आता गाडीत व्होल्टेज किती मिळतं ते सांग." भाऊ गप्प. काकांनी बोनेट न उघडता ओळखलं, मोठ्या पंपाला कंपनीची जुनी बारीक वायर जोडलेली होती. त्यांनी साडेतेरा व्होल्ट कमी करून साडेअकरावर आणले. भांड्यात १ लिटर ३००. तासाला ७८ लिटर!

खोक्यावर २५५, हातात ७८.

उलटं गणित

मग काकांनी कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. आधी पंप आणि मग पॉवर असं नाही, आधी पॉवर. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं (बिनटर्बोला २३० च्या आसपास). २२० गुणिले २७०, म्हणजे साडेएकोणसाठ किलो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर पाऊण किलोहून थोडं कमी. झाले ८० लिटर.

इथे मी मध्येच तोंड घातलं. "पण आता पंपावरचं पेट्रोल ई-२० आहे ना?" बरोब्बर! २०२३ पासून विकायला आलेलं २० टक्के इथेनॉलचं हे पेट्रोल आता जवळपास सगळीकडे मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच. त्यामुळे तेवढ्याच पॉवरला सुमारे ७ टक्के जास्त इंधन लागतं. ८० चे झाले ८६. वर २० टक्के राखीव, कारण पंप म्हातारा होतो, फिल्टर तुंबतो, उन्हाळा असतो. १०३.

म्हणजे भावाला हवा होता ४.४ बारला, गाडीत मिळणाऱ्या व्होल्टेजवर तासाला १०३ लिटर देणारा पंप. चांगल्या कंपन्या पंपाबरोबर प्रेशर आणि व्होल्टेजनुसार आलेख देतात. तोच बघायचा. खऱ्या २५५ च्या पंपानं हे काम आरामात केलं असतं. पण नावाजलेल्या पंपांच्या नकला बाजारात ढिगानं आहेत आणि वायरिंगचं दुखणं तर खऱ्या पंपालाही सोडत नाही.

मामांचा क्लास

शिरूरहून न्हावऱ्याचा रस्ता धरला. दोन्हीकडे ऊस. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका. गाडीत कोणी बोलत नव्हतं. मामांना कसं सांगायचं याचीच रिहर्सल चाललेली.

मामा नदीकाठच्या मोटरीपाशीच भेटले. भावानं एका दमात सगळं सांगून टाकलं. दीड लाखाचा आकडासुद्धा. मामांनी शांतपणे तंबाखू मळली आणि विचारलं, "सक्शनला काय होतं?"

आम्ही दोघं बघतच राहिलो.

मामांची नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन आहे. "मोटर घेताना दुकानदाराला मी आधी हेड सांगतो. पाणी किती उंच चढवायचं, किती लांब न्यायचं. नुसती साडेसात एचपी म्हणून कोण घेतं? व्होल्टेज पडलं की पाणी निम्मं येतं, मोटर जळते ती वेगळीच. आन् पंप ढकलायला वाघ असतो, ओढायला शेळी. फुटवॉलला जलपर्णी अडकली की संपला खेळ."

गाडीचं अगदी हेच! टाकीतली जाळी तुंबली किंवा ओढणारी नळी बारीक असली, की पंपाच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ होते. मग पंप वाफेचे बुडबुडे ढकलत बसतो.

"आणि पाइप?" मी विचारलं. मामांनी अडीच इंची काढून तीन इंची टाकली, तेव्हा शेवटच्या सरीला पाणी दुप्पट वाटलं होतं. कारण घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होतं. तेवढ्याच पाण्याला अडीच इंचीत तीन इंचीच्या सुमारे अडीचपट दाब वाया जातो. पेट्रोललाही तोच नियम. ८ मिमीऐवजी साडेनऊ मिमीची लाइन टाकली, तर वाया जाणारा दाब निम्म्याहून कमी.

भाऊ लगेच उत्साहात आला. "म्हणजे सगळ्यात मोठी, डॅश १० टाकतो!" मामा हसले. "पाच गुंठ्याला सहा इंची पाइप टाकशील का?"

लाइन निवडताना

• रेसिंगच्या लाइनचा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. डॅश ६ म्हणजे ३/८ इंच, डॅश ८ म्हणजे अर्धा इंच, डॅश १० म्हणजे ५/८ इंच.

• ढोबळ हिशेब असा: ४०० अश्वशक्तीपर्यंत डॅश ६ पुरते, ७०० पर्यंत डॅश ८, त्यापुढे डॅश १०. २२० ला डॅश ६ सुद्धा ऐसपैस.

• परतीची लाइन विसरू नका! ती बारीक असली तर आयडलला जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जात नाही आणि प्रेशर नको तेवढं चढतं.

• एल्बो कमी ठेवा. लाइन एक्झॉस्टपासून लांब, नीट क्लॅम्प केलेली. इथेनॉलसाठी आतून टेफ्लॉनची नळी उत्तम. टाकीच्या आत मात्र पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीच बनवलेली नळी हवी.

• पंपाला बॅटरीकडून जाड वायर, रिले आणि फ्यूज. लाइनमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग!

आणि एक गंभीर गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्यामुळे असली गाडी नगर रोडवर नाही, फक्त ट्रॅकवर. भावाची आता तिथे फ्लॅटबेडवरून जाणार आहे.

संध्याकाळी निघताना मामांनी त्याच्या हातात कारखान्याकडून आलेल्या ऊसबिलातले पैसे ठेवले. तो नको म्हणाला. "घे," मामा म्हणाले, "माझाच ऊस तुझ्या टाकीत जळतोय की! पण पुढच्या वेळी मोटर घ्यायच्या आधी बापाला विचार."